जिन्याखालचा आकडा

नऊ कोटी सत्त्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार आठशे अकरा.
असा मोठ्यानं वाचला की माझा वाटायचा.
एरवी नुसते आठ अंक, मीटरच्या पितळी पट्टीवर ठोकलेले,
जिन्याखालच्या कपाटात, ओल्या छत्र्यांच्या मागे.
बॅरोमधली माझी पहिली थंडी.
मिसेस पोसलथ्वेटनी बजावलं होतं,
दर रविवारी रीडिंग लिहायचं.
रीडिंग बदलायचं. हा बदलायचा नाही.
म्हणून मी याच्याच मागे लागले.

विषम, म्हणजे दोन बाद.
अंकांची बेरीज त्रेपन्न, तीनही बाद.
शेवटी एक, पाचाला दार बंद.
सातानं सहा उरवले, अकरानं एक, तेरानं सात.
सतरा आला, दोन उरवून गेला.
त्याच्याकडे मी नीट पाहिलंही नाही.

रात्रपाळीला एक्स-रेची खोली रिकामी असली
की ड्यूटीच्या पाठकोऱ्या कागदांवर भागाकार,
अचलपूरच्या शाळेतला, पायरी पायरीनं उतरणारा.
देवपुजारी मास्तर म्हणायचे,
बाकी शून्य आली की उठायचं.
पहाटे चारला कुणाचं तरी मनगट यायचं,
गोदीजवळच्या गोठलेल्या फुटपाथवर मोडलेलं.
ते बघून, हात धुऊन, परत तिथूनच पुढे.
ताई फोनवर विचारायची, करमतं का गं तिथे?
मी म्हणायचे, बघतेय, भाग जातोय का.

फेब्रुवारीत बाराशे सत्त्याण्णवपर्यंत पोचले.
उरले आठशे एकोणपन्नास.
उठले नाही.

मग एकदा कागद स्वयंपाकघरात विसरला.
सकाळी आले तर मिसेस पोसलथ्वेट
कानातलं यंत्र टेबलावर काढून ठेवून
त्यावर पेन्सिल टेकवून बसलेल्या.
सोळाव्या वर्षी त्या बोटींच्या कारखान्यात
हिशेबाच्या खोलीत लागल्या होत्या.
मशीन पुरायची नाहीत, मग गुणाकाराला एक कोष्टक,
त्यात प्रत्येक वर्गाचा चौथा हिस्सा छापलेला.
म्हणजे वर्गांची पावकी, मी मराठीतच म्हटलं.
त्यांना ऐकू आलं नाही.

खालून कशाला चढतेस, त्या म्हणाल्या. मधून सुरू कर.
वर्गमूळ नऊ हजार नऊशे नव्वदच्या किंचित आत.
त्या नव्वदचाच वर्ग कर:
नऊ कोटी अठ्ठ्याण्णव लाख शंभर.
त्यातून मीटर वजा कर.
दोनशे एकोणनव्वद.

पेन्सिल थांबली.
सतराचा पाढा मला झोपेतही येतो.
सतरा खाली, सतरा वर:
नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर.
दहा हजार सात.
गुणून पाहिलं. चहा अजून गरम होता.

चार अंकी मूळ संख्यांमधली ती शेवटची,
पाच अंकींमधली ही पहिली.
मधल्या तेहतीस जणांना कुणी ना कुणी भागतं,
यांना कुणीच नाही, आणि दोघी एकमेकींच्या शेजारी,
दहा हजाराच्या उंबऱ्याच्या अलीकडे, पलीकडे.
कुणी मुद्दाम बसवलेल्या नव्हेत.
कारखान्यातल्या माणसानं दहानंतर अकरा ठोकला, इतकंच.

माझ्या वाटेनंही मी पोचले असते.
अजून एक हजार अठरा भागाकार,
आणि अगदी शेवटचा तो.
वाईट वाटलं का, त्यांनी विचारलं.
हो, म्हटलं. थोडं.
त्यांनी यंत्र कानात घातलं आणि म्हणाल्या, आता सांग.
मी म्हटलं, काही नाही.

मे महिन्यात कंपनीचा पोरगा नवा मीटर लावून गेला.
रीडिंग आता तो आपणच पाठवतो.
आकडा बारा अंकी आहे, शेवटी चार.
मी कपाट लावून घेतलं.